मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला, त्यात गेलं कोणाचं?

बांधावरून (धागाकर्ता)

१८ जूनला किसानपुत्र आंदोलनाची मंडळी 'शेतकरी पारतंत्र्य दिवस' पाळतात. अमर हबीब आणि त्यांचे सहकारी मांडतात ते थोडक्यात असं: १९५१ साली या दिवशी पहिली घटनादुरुस्ती झाली, तिच्यातून ३१-ब कलम आणि नववं परिशिष्ट आलं, आणि परिशिष्टात टाकलेल्या कायद्याविरुद्ध मूलभूत हक्कांचा आधार घेऊन कोर्टात जायची सोयच उरली नाही. सिलिंग (जमीनधारणेची कमाल मर्यादा), आवश्यक वस्तू आणि भूसंपादन हे तीन कायदे शेतकऱ्याच्या गळ्याला फास आहेत, असं त्यांचं म्हणणं.

मी त्या आंदोलनात नाही. पण आमच्या शिवारातून रस्ता जाणार म्हणून संयुक्त मोजणीच्या नोटिसा आल्या, तेव्हा पहिल्यांदा घटना उघडून बसलो. मुळात १९(१)(फ) मध्ये मालमत्ता मिळवायचा, बाळगायचा, विकायचा हक्क होता. ३१व्या कलमात होतं की सरकारने जमीन घेतली तर भरपाई द्यावी लागेल. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने दोन्ही काढून टाकले, २० जून १९७९ पासून. बदल्यात ३००-अ नावाचं एका ओळीचं कलम आलं: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. मोबदला हा शब्दच त्यात नाही.

हे केलं कोणी? इंदिराबाईंनी नव्हे. आणीबाणीनंतर आलेल्या जनता सरकारने. मोरारजीभाई पंतप्रधान, शांती भूषण कायदामंत्री. बाकी ४४वी दुरुस्ती चांगली होती, आणीबाणीतली बरीच घाण तिने धुऊन काढली. आणि त्याच हाताने हेही केलं.

माझं म्हणणं सरळ आहे. १९५१ मध्ये ढाल उभी केली ती जमीनदारांच्या वकिलांविरुद्ध. बिहारचा जमीनदारी निर्मूलन कायदा पाटणा हायकोर्टाने रद्द केला होता, नेहरूंची घाई समजण्यासारखी होती. जमीनदार गेले, खोत गेले, जहागीरदार गेले. ढाल मात्र तिथेच राहिली आणि आता तिच्यासमोर चार एकरवाला उभा आहे. १९७८ मध्ये हक्क काढला तोवर ज्यांच्यासाठी काढायचा ते उरलेच नव्हते. मग नेमका कोणाचा हक्क काढला?

चर्चा व्हावी. पक्षीय चिखलफेक नको.

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. वकीलकाका कुठे आहेत?

कुळवाडी

'ढाल जमीनदारांविरुद्ध होती' हे वाक्य तुम्ही एका ओळीत उरकलंत. आम्ही त्या ओळीत राहतो, म्हणून जरा लांब लिहितो.

आमचं गाव अलिबाग तालुक्यात. चरीचा शेतकऱ्यांचा संप आमच्याकडे अजून बोलला जातो. १९३३ ला सुरू झाला, सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील पुढारी. खोतांची जमीन कसायचीच नाही, असं पंचक्रोशीने ठरवलं. लोकांनी जंगलातली लाकडं विकून दिवस काढले. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं. पास झालं नाही. खोती कायद्याने संपायला १९५० उजाडलं.

आता पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात जे पहिले १३ कायदे टाकले त्यांची यादी काढून बघा. पहिला बिहारचा. दुसरा मुंबईचा १९४८ चा कूळकायदा. सहावा मुंबईचा खोती निर्मूलन कायदा. त्याच्या लगेच खाली परगणा आणि कुलकर्णी वतन निर्मूलन. म्हणजे तुम्ही ज्याला पारतंत्र्य म्हणता त्या यादीत आमचं स्वातंत्र्य दुसऱ्या आणि सहाव्या नंबरावर बसलं आहे. ती ढाल नसती तर दर खोत, दर इनामदार कोर्टात गेला असता आणि आमचे आजोबा तारखा मोजत मेले असते.

१ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कूळ कायद्याने मालक झालं. किंमत ठरली ती आकाराच्या २० ते २०० पट, म्हणजे सरकारी साऱ्यावर. बाजारभावाने नव्हे. मूळ ३१व्या कलमातली भरपाई बाजारभावाने द्यायची ठरली असती तर कुळाने पैसे कुठून आणायचे होते? आमच्या घरात ३२-म चं, म्हणजे कूळ मालक झाल्याचं, सर्टिफिकेट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, लग्नपत्रिकांच्या खाली ठेवलेलं आहे. कोणी पाहुणा शिकलेला आला की आजी ते बाहेर काढायला लावायची.

बांधावरून (धागाकर्ता)

कुळवाडी, याच्याशी माझं भांडणच नाही. १३ कायदे टाकले तिथे थांबले असते तर मी हा धागा काढला नसता. यादी २८४ क्रमांकापर्यंत गेली. त्यात खोती किती आणि बाकी किती?

वकीलकाका

बोलावलंत, आलो.

आधी एक गोष्ट स्वच्छ करू. आवश्यक वस्तू कायदा नवव्या परिशिष्टात आहे, १९७६ च्या ४० व्या दुरुस्तीने आला. महाराष्ट्राचा सिलिंग कायदाही आहे. पण २०१३ चा भूसंपादन कायदा तिथे नाही. परिशिष्टात शेवटची भर १९९५ ला पडली. तुमच्या नोटिशीचा आणि नवव्या परिशिष्टाचा संबंध नाही. मोर्च्यात तिन्ही एका दमात म्हटलं जातं, कोर्टात चालत नाही.

दुसरं. परिशिष्टाचा गैरवापर झाला का? झाला. १९७५ मध्ये ३९व्या दुरुस्तीने 'मिसा' तिथे नेऊन ठेवला. विनाचौकशी डांबण्याचा कायदा, जमीनसुधारणेच्या यादीत! आणीबाणीतला आक्षेपार्ह मजकूर छापण्याविरुद्धचा कायदाही तिथेच. ४४व्या दुरुस्तीने हे दोन्ही बाहेर काढले. तेव्हा धागाकर्ते, जिने तुमचा हक्क काढला तिनेच परिशिष्ट थोडं झाडूनही घेतलं.

तिसरं, आणि हे कटू आहे. समजा उद्या संसदेने नववं परिशिष्ट पूर्ण पुसलं. सिलिंग कायदा पडेल का? नाही पडणार. कारण ३१-अ हे वेगळं कलम आहे आणि जमीनसुधारणेच्या कायद्यांना ते स्वतंत्र संरक्षण देतं, परिशिष्टात असोत वा नसोत. मुळात ते 'इस्टेट' पुरतं होतं. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात म्हटलं की रयतवारी जमीन त्यात येत नाही, म्हणून १९६४ च्या १७व्या दुरुस्तीने रयतवारी जमीनही त्यात घातली. आपल्या मुंबई राज्याचा कूळकायदा तर त्याआधीच, १९५९ ला, ३१-अ च्या जोरावर टिकला. तेव्हा लढायचंच असेल तर ३१-अ शी लढा. नववं परिशिष्ट हा पत्ता चुकीचा आहे.

चहाबाज

काका, '३१-अ हटाव' ही घोषणा जमत नाही हो. 'परिशिष्ट नऊ' कसं दणदणीत वाटतं.

गिरगावची_चाळ

मालमत्तेचा हक्क म्हटलं की सगळे सातबाऱ्यावर का उतरतात? मुंबईत सातबारा नाही, पागडी आहे.

५ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आठवा. नऊ न्यायाधीश. प्रकरण आमच्यासारख्या चाळींचं: म्हाडा कायद्यात १९८६ ला आठ-अ प्रकरण घातलं. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीतल्या ७० टक्के भाडेकरूंनी मागणी केली तर सरकार ती इमारत संपादन करून भाडेकरूंच्या सोसायटीला देऊ शकतं. मालकाला मोबदला महिन्याच्या भाड्याच्या १०० पट. आता ज्या खोलीचं भाडं दोन आकडी आहे तिची शंभरपट करून बघा. मालक १९९२ पासून सुप्रीम कोर्टात आहेत.

सरकारचा आधार घटनेचं ३९(ब) कलम: समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचं वाटप सर्वांच्या हिताचं व्हावं. १९७७ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांचं म्हणणं होतं की खासगी मालमत्ताही त्यात आली. २०२४ मध्ये बहुमत म्हणालं, सगळीच नाही. वस्तूचं स्वरूप काय, ती दुर्मीळ आहे का, मोजक्या हातांत एकवटली तर समाजावर काय परिणाम, हे बघून ठरेल. न्या. धुलिया यांचा विरोध.

माझी अडचण अशी की मला दोन्ही बाजू दिसतात. मालकाचे शंभर टक्के हाल आहेत. पण आमच्या जिन्याला टेकू लावून किती पावसाळे गेले! मालक दुरुस्ती करत नाही, कारण भाडं मिळत नाही. भाडं वाढत नाही, कारण भाडे नियंत्रण. इमारत पडली तर मरणार आम्ही. इथे कोणाचा हक्क मूलभूत?

वकीलकाका

चाळ, निकालातली एक बारीक गोष्ट राहिली. नऊ जणांनी घटनेचा प्रश्न सोडवला, म्हाडाच्या प्रकरणावर अंतिम निवाडा दिला नाही. ते मूळ प्रकरण नेहमीच्या खंडपीठाकडे परत. त्यामुळे तुमच्या मालकाने पेढे वाटले असतील तर घाई केली.

आणि जाता जाता: संसदेला घटना हवी तशी बदलता येते का, या प्रश्नावरच्या १९७३ च्या केशवानंद निकालात संसदेच्या बाजूने उभे राहिलेल्यांत न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. सात वर्षांनी मिनर्व्हा मिल्स खटल्यात त्याच चंद्रचूडांनी सरन्यायाधीश म्हणून लिहिलं की दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हाच घटनेच्या पायाचा भाग आहे. २०२४ च्या पीठावर सरन्यायाधीश त्यांचे चिरंजीव. एकाच घरात या प्रश्नाच्या तिन्ही अवस्था झाल्या.

विदर्भपुत्र

पायाभूत चौकटीचं, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही या तत्त्वाचं, श्रेय सगळे केशवानंद आणि पालखीवालांना देतात. बरोबरच आहे, ६८ दिवस सुनावणी, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६. पण बीज आधीच पडलं होतं. १९६५ च्या सज्जन सिंग प्रकरणात न्या. जनार्दन मुधोळकर यांनी वेगळं निकालपत्र लिहून विचारलं की घटनेची काही मूळ लक्षणं अशी आहेत का जी बदलणं म्हणजे दुरुस्ती न राहता घटना नव्याने लिहिणं होईल. त्यासाठी त्यांनी पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा दाखला दिला होता! आपल्याकडे मुधोळकरांचं नाव शाळेच्या पुस्तकात सापडणार नाही.

दोन्ही बाजूंचे मुख्य वकील मुंबईचे पारशी हेही गंमतीचं. केशवानंदांच्या मठाकडून नानी पालखीवाला, केरळ सरकारकडून होमी सीरवई. सीरवई तेव्हा महाराष्ट्राचे महाधिवक्ता.

बांधावरून (धागाकर्ता)

छान माहिती. पण माझ्या प्रश्नाला इथेच मीठ चोळलं जातं. केशवानंद ज्या मठाची केस होती ती जमिनीची होती. गोलकनाथ ही पंजाबातल्या कुटुंबाची जमिनीची केस. सज्जन सिंग जमिनीची. शंकरी प्रसाद जमिनीची. म्हणजे संसदेला लगाम घालणारं जेवढं काही उभं राहिलं ते मालमत्तेच्या हक्काच्या जिवावर. आणि शेवटी काय? केशवानंदमध्ये न्या. खन्नांचं मत निर्णायक ठरलं आणि त्यांनीच लिहिलं की मालमत्तेचा हक्क पायाभूत चौकटीत येत नाही. बाकी सगळ्यांची सुटका झाली, जामीन राहिलेलाच आत गेला.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत पाचव्या घटनादुरुस्तीत १७९१ पासून लिहिलेलं आहे: योग्य भरपाईशिवाय सार्वजनिक वापरासाठी खासगी मालमत्ता घ्यायची नाही. कोणी काढली नाही, काढणं जवळपास अशक्य आहे, तीन चतुर्थांश राज्यं राजी व्हावी लागतात. सव्वादोनशे वर्षांत एकूण २७ दुरुस्त्या. आपल्या १०६.

पण भुलू नका. २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन गावातली लोकांची राहती घरं एका खासगी विकासासाठी घेतली, शेजारी फायझर येणार होती म्हणून. सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४ ने म्हणालं, आर्थिक विकास हाही सार्वजनिक वापरच. घरं गेली. पुढे ती योजनाच बारगळली, फायझरही निघून गेली, जागा वर्षानुवर्षं रिकामी. मूलभूत हक्क कागदावर ठणठणीत होता.

वकीलकाका

याला म्हणतात मुद्द्याचा प्रतिसाद.

धागाकर्ते, तुम्ही समजता तेवढं १९७८ मध्ये गेलं नाही, कारण तोवर शिल्लकच फार नव्हतं. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीने मोबदला पुरेसा आहे की नाही हे कोर्टाने बघायचं नाही असं ठरलं. १९७१ च्या २५व्या दुरुस्तीने तर 'मोबदला' काढून नुसती 'रक्कम' ठेवली. ४४वी दुरुस्ती आली तेव्हा ३१वं कलम पोखरलेलं खोड होतं. ते पाडलं एवढंच. आंबेडकरांनाही हे कलम कधी आवडलं नव्हतं. १९५५ ला राज्यसभेत त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे मसुदा समितीचं अपत्य नाही, नेहरू, पटेल आणि पंत यांच्या ओढाताणीतली तडजोड आहे.

मग खरं काय गेलं? कलम ३२ चं दार. मूलभूत हक्क मोडला तर थेट सुप्रीम कोर्टात जाणं हाही मूलभूत हक्क आहे. ३००-अ साठी ते दार बंद. तुम्ही हायकोर्टात कलम २२६ खाली जायचं.

उलट गंमत बघा. मूलभूत असताना पोखरत गेलेला हक्क, साधा घटनात्मक झाल्यावर कोर्टांनी पुन्हा भरायला घेतला. २०११ मध्ये घटनापीठ म्हणालं, ३००-अ मध्ये सार्वजनिक प्रयोजन आणि मोबदला गृहीतच आहेत. २०२० मध्ये हिमाचलमधल्या एका निरक्षर वृद्ध विधवेचं प्रकरण आलं. साठच्या दशकात तिची जमीन रस्त्यात गेली होती, संपादनाची कसलीही कारवाई न करता. सरकार कोर्टात काय म्हणतंय, तर इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणून प्रतिकूल कब्जाने आम्हीच मालक! कोर्टाने सरकारला चांगलं झापलं आणि मोबदला द्यायला लावला. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात तर ३००-अ च्या पोटातले सात हक्क मोजून दाखवले. नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, कारणं देऊन निर्णय होणं, प्रयोजन खरोखर सार्वजनिक असणं, वाजवी मोबदला, वेळेत प्रक्रिया, आणि ती शेवटाला जाणं. ओळ एकच, अर्थ वाढला.

उरणकर

वाढला तो कोर्टात. आमच्याकडे वाढवायला माणसं मेली.

नवी मुंबईसाठी ठाणे आणि रायगडमधली गावंच्या गावं संपादनात गेली. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटील पुढे होते. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं सूत्र आलं. ते कोणत्याही कलमात नव्हतं. आज देशभर जमीन संपादनात 'विकसित भूखंडाचा वाटा' बोलतात, त्याचं मूळ इथल्या रस्त्यावर आहे.

आणि हायकोर्टात जा म्हणताय, तर ठाणे जिल्ह्यातल्याच शेतकऱ्यांचा एमआयडीसीविरुद्धचा २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. जमीन साठच्या दशकात गेलेली. हायकोर्टाने उशीर झाला म्हणून दारातून परत पाठवलं होतं. सुप्रीम कोर्टाने शेवटी मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्क आहे म्हटलं आणि मोबदल्याचे आदेश दिले. तोवर दोन पिढ्या संपल्या. थेट दार असणं आणि नसणं यात हा फरक असतो काका.

गायरान

बराच वेळ वाचतोय. इथे सातबारा असलेले बोलले, पागडीवाले बोलले, साडेबारा टक्केवाले बोलले. ज्यांचं नाव कुठेच नव्हतं ते?

कूळकायद्याने मालक झालं ते कुळाचं. त्याच्या शेतात राबणारा सालगडी सालगडीच राहिला. १९५९ आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो लोक तुरुंगात गेले, मागणी होती पडीक आणि गायरान जमीन कसायला द्या. ती जमीन कसणाऱ्याला आजही अतिक्रमणाची नोटीस येते. त्याला ३००-अ काय कामाचं? 'मालमत्ता'च नाही तर हिरावणार काय?

सिलिंग काढा म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: कोरडवाहू ५४ एकर, बारमाही पाण्याची १८ एकर, ही मर्यादा तुमच्या गावात किती जणांना बोचते?

बांधावरून (धागाकर्ता)

गायरान, आमच्या गावात एकालाही नाही. मी सिलिंग काढा म्हणतच नाही, वरचं पुन्हा वाचा. आंदोलनवाले म्हणतात, त्यांचा युक्तिवाद असा की मर्यादा शेतीलाच का, कारखान्याला का नाही. तो समतेच्या हक्काचा मुद्दा आहे, मालमत्तेच्या नाही. आणि त्याला उत्तर द्यायची वेळ कोर्टावर येत नाही कारण ३१-अ मध्ये समतेचं कलम १४ च बाद केलेलं आहे. माझी तक्रार ही आहे. हक्काला मर्यादा असावीच. पण मर्यादा घालणाऱ्या कायद्याला प्रश्नच विचारायचा नाही, ही मर्यादा कसली?

कुळवाडी

पण आता प्रश्न विचारता येतो ना? २००७ चा कोएल्हो निकाल. २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात टाकलेला कुठलाही कायदा पायाभूत चौकटीवर तपासता येतो. नऊ न्यायाधीश, एकमत.

पुणेरी_पाटी

मग मराठा आरक्षण नवव्या परिशिष्टात टाका म्हणतात ते कशासाठी? तामिळनाडूचं ६९ टक्के टाकलंच आहे की.

वकीलकाका

तामिळनाडूचं १९९४ मध्ये ७६व्या दुरुस्तीने गेलं, तेव्हा कोएल्हो यायचा होता. आज टाकलं तरी कोर्टाची तपासणी चुकणार नाही. परिशिष्ट ही आता तिजोरी राहिलेली नाही. राजकीय सभेत मात्र ती अजून तिजोरी आहे.

संपादक मंडळ

आरक्षणावर स्वतंत्र धागे आहेत. इथलं पुढचं अवांतर उडवलं जाईल.

वकीलकाका

कुळवाडींच्या मुद्द्यात धागाकर्त्यांची अडचण तशीच उरते हे कबूल करायला हवं. १९७३ च्या आधीचे कायदे सुरक्षितच आहेत. हे सूत्र १९८० च्या वामनराव निकालाने ठरलं आणि ते प्रकरण महाराष्ट्राच्या सिलिंग कायद्याचंच होतं. त्याच निकालाने ३१-अ वर शिक्का मारला. ते घटनेच्या पायाला धक्का लावत नाही, उलट बळकट करतं, असं कोर्ट म्हणालं. तेव्हा ते पटलंही असेल. आज जमीनधारणेचे तुकडे बघता पुन्हा विचारावंसं वाटलं तर त्यात वावगं नाही. पण मोठं पीठ लागेल आणि असं प्रकरण नेणारा माणूसही लागेल.

आता सगळ्यांनी दुर्लक्ष केलेली गोष्ट. ३१-अ चं दुसरं परंतुक (कलमाला जोडलेली अट) वाचा. जमीन तुम्ही स्वतः कसत असाल आणि ती सिलिंगच्या आत असेल, तर त्या कलमाच्या छत्रीखालचा कायदाही ती बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात घेऊ शकत नाही. हे १९६४ ला घातलं आणि ४४व्या दुरुस्तीने ३१वं कलम काढलं तरी हे तसंच राहिलं. म्हणजे मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या भागातून पूर्ण गेला हेही खरं नाही. नेमका तुमच्यासारख्या कसणाऱ्या लहान शेतकऱ्यापुरता एक कोपरा शिल्लक आहे. फार थोडे वकील तो वापरतात.

चहाबाज

काय सांगता! म्हणजे धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर 'चार एकरवाल्याचं सोडून बाकी सगळ्यांचं' असं आहे?

उरणकर

बाजारभाव कोण ठरवणार? रेडीरेकनर आणि गेल्या तीन वर्षांतले व्यवहार. खेड्यात व्यवहार नोंदवताना मुद्रांक वाचवायला निम्मी रक्कम दाखवतात, मग तोच आकडा मोबदल्याला येतो. २०१३ च्या कायद्यात त्यावर गुणक आणि वर १०० टक्के दिलासा रक्कम आहे म्हणून थोडं तरी हाती पडतं.

न्यूजर्सीकर

म्हणजे माणसाचं रक्षण करतोय तो साधा कायदा, घटना नव्हे. आणि साधा कायदा साध्या बहुमताने बदलता येतो.

बांधावरून (धागाकर्ता)

हेच. २०१३ चा कायदा चांगला आहे, खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारी प्रकल्पासाठी ७० टक्के जमीनधारकांची संमती लागते. पण त्यातच चौथी अनुसूची आहे, तिच्यातल्या १३ कायद्यांना ही सगळी प्रक्रिया लागू नाही. त्यात राष्ट्रीय महामार्ग कायदा. शक्तिपीठ महामार्गावरून कोल्हापूर-सांगलीकडे लोक रस्त्यावर आले ते पैशासाठीच नव्हे, 'आम्हाला विचारलं कोणी' हा त्यांचा पहिला प्रश्न होता. संमतीचा हक्क घटनेत कधीच नव्हता, मूळ ३१व्या कलमातही नव्हता, हे या धाग्यामुळे माझ्या नीट लक्षात आलं. १९५० चं कलम जसंच्या तसं परत आणा ही मागणी त्यामुळे मला आता अपुरी वाटते. परत आणायचं तर सुनावणी आणि संमती घेऊन आणा, आणि गायरान म्हणतात तसं कसणाऱ्याचा ताबाही त्यात मोजा.

गायरान

हे लिहून घेतो. पुढच्या वेळी आंदोलनवाले आले की दाखवेन.

कुळवाडी

बांधावरून, एवढं असेल तर माझा विरोध नाही. खोतांचे नातू रांगेत पहिले उभे राहणार नाहीत याची तजवीज तेवढी करा.

वकीलकाका

तुमची मागणी संसदेकडे जाईल तेव्हा जाईल. नोटीस हातात आहे तिचं बघा. ती कोणत्या कायद्याखाली आहे ते पहिल्या परिच्छेदात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. २०१३ चा कायदा असेल आणि निवाडा तुमच्या समोर झाला, तर वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ खाली अर्ज करायला सहाच आठवडे असतात. राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर लवादाकडे जावं लागतं, ती वाट वेगळी. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा. विहीर, पाइपलाइन, फळझाडं पंचनाम्यात एकेक करून लिहून घ्या, झाडांचं वयसुद्धा. पैसे उचलताना 'हरकत राखून' असं लिहूनच सही करा.

बांधावरून (धागाकर्ता)

मोजणी सोमवारी आहे. आंब्याच्या झाडांच्या वयाचा दाखला कोण देतं, कृषी सहायक की तलाठी?

वकीलकाका

फळझाडांचं मूल्यांकन कृषी खात्याकडून होतं. पण सातबाऱ्याच्या पीकपाहणीत झाडांची नोंद आहे का ते आजच बघा. नसेल तर सोमवारच्या आधी तलाठ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.